शेवंतीच्या शेपटीखाली

डॉक्टर मॅडमनी शेवंतीची शेपूट वर उचलली आणि वाकून बघायला लागल्या. एका हातात शेपूट, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी. मी घोडीच्या तोंडाशी म्होरकी धरून उभी होते. मला वाटलं गोचीड असेल, फार तर गळू असेल.

"ताई, इकडं या," त्या म्हणाल्या. "हे बघितलं होतं का तुम्ही?"

मी म्होरकी खांबाला अडकवली आणि मागं गेले. शेपटीच्या बुडाशी, आतल्या बाजूनं काळ्या गाठींचा घोसच लागलेला होता. काही हरभऱ्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या, आणि लीद पडायच्या वाटेच्या अगदी कडेला एक लिंबाएवढी. ती फुटली होती. तिच्यातून डांबरासारखं काळं पाणी येत होतं आणि त्यावर माश्या बसत होत्या. अडीच वर्षं ही घोडी माझ्या दारात होती. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी तिला खरारा करत होते. आणि हे मी पहिल्यांदा बघत होते.

"मेलॅनोमा आहे," डॉक्टर म्हणाल्या. मेलॅनोमा म्हणजे कातडीला काळा रंग देणाऱ्या पेशींची गाठ. त्यांनी हातमोजा घातला, एकेक गाठ चाचपली, आणि मग मधल्या भुरकट, खरखरीत कातडीवर बोट ठेवलं. "आणि हे जुने व्रण आहेत. इथं कुणीतरी जाळणारं औषध लावत होतं. एकदा नाही, पुष्कळदा. शेपटीची साफसफाई कोण करतं?"

मी म्हणाले, "माझे मामा."

हे मी लिहितेय ते ज्यांच्या दारात पांढरं घोडं आहे त्यांच्यासाठी. वरातीची घोडी असो, हौसेचं घोडं असो, कुणी प्रेमानं दिलेलं असो. प्रेमानं दिलेलं असेल तर जास्तच लक्ष देऊन वाचा.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, रंगनाथ. पाचोडला राहतात. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या घोड्या पाळल्या, हलगीवर नाचवल्या. पंचक्रोशीत असं घर नाही जिथल्या नवरदेवाला मामांच्या घोडीनं मिरवलं नाही. त्यांना मूलबाळ नाही, मामी जाऊनही बरीच वर्षं झाली. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडंच पडीक असायचे. घोड्यावर मला त्यांनीच बसवलं, पडले तेव्हा त्यांनीच उचललं, आणि घरी सांगायचं नाही म्हणून गुळाचा खडाही त्यांनीच हातावर ठेवला. गुपितं ठेवायची सवय आम्हा दोघांना तेव्हापासूनची आहे, हे आता कळतं.

अडीच वर्षांखाली त्यांचे गुडघे पार गेले. एके दिवशी टेम्पोत शेवंतीला घालून ते आमच्या पडेगावच्या घरापुढं उतरले. आमच्या घरामागं मोकळी जागा आहे, कडुलिंबाचं झाड आहे. मामा म्हणाले, "मंगल, हिला तूच सांभाळ माय. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीव होईना." मी तिथंच रडायला लागले. आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत, ते नुसते बघत राहिले. पन्नाशीच्या बाईला घोडी भेट मिळाल्यावर नवऱ्यानं काय बोलायचं असतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मामांनी दोन गोष्टी बजावल्या. शेवंतीच्या ओठाच्या कोपऱ्यात एक काळा फोड होता, मसुरीएवढा. "ही देवानं लावलेली तीट हाय. पांढऱ्या घोडीला नजर लई लागती, म्हून देवानंच लावून धाडली. हिला कुणी टोकरायचं नाय." आणि दुसरं, शेपटीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. "लाथ मारती. तिला माझ्या हाताची सवय हाय. मी दर अवसेला येत जाईन धुवायला."

आणि ते येत होते. ते गुडघे घेऊन, पाचोडहून पहिल्या गाडीनं. शेपटीच्या बुडाशी त्यांनी लाल-काळ्या गोफाची घट्ट वेणी घातलेली असायची, ती सोडायचे. मला म्हणायचे, "मंगल, चहा टाक जरा आलं घालून." मी आत जायचे. परत येईपर्यंत शेपूट धुऊन, मेंदी लावून, वेणी पुन्हा घट्ट बांधलेली असायची. मी यांना म्हणायचे, बघा, एवढा म्हातारा माणूस एका जनावरासाठी दर महिन्याला येतो, याला म्हणतात माया.

बादलीत खाली निळं पाणी राहिलेलं असायचं. पांढऱ्या घोड्या शेवटच्या पाण्यात नीळ घालून धुतात, तशा त्या चमकतात. मी समजले नीळ. नीळ नव्हती ती, मोरचूद होतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. मी शाळेत विज्ञान शिकवते. कॉपर सल्फेटचे निळे खडे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला हातात धरून दाखवते आणि सांगते, जपून, कातडीला लागू देऊ नका.

यात पहिलं लक्षण कुठलं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, लीद. घोडी लीद टाकायला थांबायची, शेपूट आपटायची, परत चालायला लागायची. गोळे बारीक आणि कोरडे पडायला लागले. मग ती कडुलिंबाच्या बुंध्याला ढुंगण घासायला लागली. मी मामांना फोन केला. "उष्णता झाली आसंल. ताक पाज," ते म्हणाले. मी ताक पाजलं. त्यात मामांचा गुडघा सुजला, दोन अवसा ते येऊ शकले नाहीत. शेपटीतून वास यायला लागला. मी पुन्हा फोन केला की डॉक्टर बोलावते. ते म्हणाले, "डॉक्टर-बिक्टर नको. मी येतो चार दिवसांत." त्यांच्या आवाजात घाई होती. मला वाटलं, काळजी आहे.

चार दिवस मी थांबले नाही. एवढी एक गोष्ट या सगळ्यात मी बरोबर केली.

आता डॉक्टर मॅडमनी त्या दिवशी जे समजावलं ते लिहिते. त्यांचं नाव तरन्नुम. वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या, पण बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, "आपण पांढरी घोडी म्हणतो ती बहुतेक वेळा पांढरी नसतेच ताई. ही सब्जा आहे. जन्मली तेव्हा काळी किंवा तांबडी असणार, वर्षं गेली तसे केस पांढरे झाले. खालची कातडी बघा, काळीच आहे. जन्मापासून पांढरा, गुलाबी कातडीचा असतो तो नुकरा, तो वेगळा. सब्ज्या घोड्याचं वय झालं की या गाठी येतात, पुष्कळांना येतात. कुणाचा दोष नाही." मग त्यांनी ओठाची तीट बघितली. ती पण तीच गाठ होती. मी त्या तिटेशेजारी सणासुदीला काजळाची आणखी एक तीट लावायचे, पाहुण्यांना बोलावून दाखवायचे.

"हळू वाढतात या गाठी," त्या म्हणाल्या. "हरभऱ्याएवढ्या असताना काढल्या की घोडी मजेत जगते. आपल्याला उशीर झालाय. आता गाठींशी भांडण नाही. लीद पडायची वाट मोकळी राहिली तर ती जगेल. वाट बंद झाली तर मग हाल होतील, आणि ते हाल मी तिला भोगू देणार नाही." शेवटच्या वाक्याचा अर्थ मी त्यांना विचारला नाही, कळला होता.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. सेडेशन म्हणजे गुंगीचं इंजेक्शन दिलं. घोडी उभीच राहते, फक्त मान खाली घालते, खालचा ओठ लोंबतो. डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून आतून हात घालून बघितलं. आत आणखी दोन गाठी होत्या. त्यांना हात लावता येणार नव्हता. मग बायोप्सी घेतली, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला देणं. तुकडा औषधाच्या बाटलीत घातला आणि बाटली माझ्या हातात दिली. औरंगपुऱ्यात एक लॅब आहे, माणसांचीच, पण तिथले डॉक्टर मॅडमच्या ओळखीचे होते.

शाळेला अर्धी सुट्टी टाकून मी रिक्षानं औरंगपुऱ्यात गेले. बाटली पदराखाली धरून बसले होते. लॅबच्या काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी न वाचताच विचारलं, "पेशंटचं नाव?" मी म्हणाले, "शेवंती." "वय?" "अठरा." तिनं भराभर टाइप केलं, आडनाव माझंच लावलं. शेजारी बसलेल्या एका बाईनं ते ऐकलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लेक का हो तुमची? अठराव्या वर्षी काय हे नशिबी. नीट होईल, काळजी करू नका." घोडी आहे हो, असं सांगायला पाहिजे होतं. मी "व्हय" म्हटलं आणि तिथंच ढसाढसा रडले. त्या बाईनं मला पाणी आणून दिलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला तो कुमारी शेवंतीच्या नावानं. मेलॅनोमाच होता. हे म्हणाले, चला, कागदोपत्री लेक झाली, आता हिचं स्थळ बघायला लागा. घरात त्या महिन्यात हसलो ते एवढंच.

रिपोर्टची वाट बघत असतानाच्या रविवारी मी पाचोडला गेले. बाजाराचा दिवस होता, रस्त्यात गर्दी होती. मामा ओट्यावर पाय लांब करून बसले होते, गुडघ्याला पट्टा. मी काही न बोलता मोबाईलवरचा फोटो त्यांच्यापुढं धरला. मनातून मला वाटत होतं, ते म्हणतील, हे काय गं? एवढं म्हणाले असते तरी मी फसले असते, आणि खुशाल फसले असते.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "लई वाढल्या का गं?"

मी मोबाईल परत घेतला.

मी विचारलं, कधीपासून आहेत. सात-आठ वर्षं झाली, म्हणाले. मग एकदम बोलायलाच लागले, कुणीतरी विचारायची वाटच बघत असल्यागत. "हिच्या पणजीलाबी झाल्त्या, मी बारकं पोरगं व्हतो तवा. लोकायला दिसल्या तशी गावानं तिला लग्नाला सांगायची बंद केली. नवरदेवाला अपशकून म्हणं. मह्या बापानं शेवटी तिला रानात नेऊन सोडून देली. मी पाठीमागं गेल्तो, मला मारून माघारी आणलं. तवाच ठरविलं व्हतं, मह्या घोडीची गाठ कुणाच्या नजरंस पडू द्यायची नाय." मोरचूद आणि चुना लावून गाठ जळते, हे त्यांना त्यांच्या वडिलांनीच शिकवलेलं. वर वेणी, वेणीवर मेंदी. लोकांना कौतुक वाटायचं, घोडी किती नटवलीय म्हणून.

"ते लोकांचं झालं. मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं आस्तं तर तू नेली आस्ती का?" मामा म्हणाले. "तू शिकलेली, शहरातली. म्हणली आस्ती, दुखणाईत जनावर मह्या दारात कायले बांधता."

मला वाटलं होतं मला राग येईल. राग आला, पण आधी लाज वाटली. हा माणूस मला जन्मल्यापासून ओळखत होता. आणि त्याच्या लेखी मी अशी होते. फसवलं याचं दुःख होतंच. पण खरं सांगते, फसवणुकीपेक्षा तो हिशेब जास्त लागला, की मंगलला खरं सांगितलं तर मंगल पाठ फिरवेल.

"नेली असती मामा," मी म्हणाले. "आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवली असती." शेजारणीनं चहा आणून ठेवला होता. मी चहाला हात न लावता उठले. मामाच्या ओट्यावरून भाची चहा न घेता उठली, हे त्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं.

घरी येईपर्यंत गाडीत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. तुम्ही दर अवसेला माझ्या हातचा आल्याचा चहा प्यायलात. मी चहा टाकायला जायचे ते तुम्हाला घोडी जाळायला मोकळीक मिळावी म्हणून. तुमच्या येण्याची मी वाट बघायचे मामा, माझ्या माहेरचं कुणी उरलं असेल तर तुम्हीच होतात. हे सगळं मी त्यांना अजूनही तोंडावर बोललेले नाही. इथं लिहिलंय.

यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "आठवीच्या पोरांना मोरचूद ओळखू येतं, बाईंना येत नाही होय?" हलकं करायला म्हणाले, पण मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खरं होतं म्हणून.

रिपोर्ट आल्यावर ऑपरेशन ठरलं. बाहेरच्या ज्या गाठी वाट अडवतात तेवढ्या काढायच्या, उरलेल्या गोठवायच्या. तयारीला म्हणून डॉक्टर नुसत्या कोमट पाण्यानं ती जागा धुवायला गेल्या तर शेवंतीनं अशी लाथ झाडली की बादली भिंतीवर. गुंगीचं इंजेक्शन असूनही. डॉक्टर म्हणाल्या, "हिची काही चूक नाही. शेपूट उचलून पाणी लागलं की जळतं, एवढंच हिला माहीत आहे. जास्त गुंगी दिली तर या वयात धोका आहे. कुणाच्या हाताखाली शांत उभी राहते ही?"

उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तोंडातून काढायचं नव्हतं. फोन यांनी लावला.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. शेवंतीनं त्यांना लांबूनच ओळखलं, कान टवकारले, नाकातून फुरफुरली. त्यांनी आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि जिभेनं टक्-टक् असा आवाज काढत राहिले. ती दगडासारखी उभी राहिली. जिला सगळ्यात जास्त चटके बसले तिचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि मला, जिला एकही बसला नव्हता, त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मला घोडीचाही राग आला त्या वेळी.

शेपटीच्या मणक्यात एपिड्युरल दिलं, म्हणजे मागचा तेवढाच भाग बधिर करायचं इंजेक्शन. मग लिंबाएवढी गाठ आणि तिच्या शेजारच्या तीन कापून काढल्या. काळं रक्त, काळा चिखल. बाकीच्यांसाठी डॉक्टरांनी नायट्रोजनचं भांडं आणलं होतं. गायी गाभण करायच्या वीर्याच्या कांड्या ज्यात ठेवतात, तेच भांडं. त्यातला थंड वाफाळता द्रव गाठीवर सोडला की गाठ गोठते आणि मरते. दीड-दोन तास लागले. तेवढा वेळ मामा त्या गुडघ्यांवर उभे होते. बसायला खुर्ची दिली तर नको म्हणाले. डॉक्टर घोडीशी हिंदीत बोलत होत्या, "बस बेटा, हो गया, थोडासा और."

हात धुताना त्यांनी मामांना सांगितलं, रागानं नाही. "मामा, मोरचुदानं वरची कातडी जळते. गाठ खाली तशीच वाढते. वरून जखम, जखमेवर माश्या. तुम्ही औषध करत होतात, पण ते तिला नडलं."

"व्हय," मामा म्हणाले.

"हिला भावंडं आहेत का कुठं? असतील तर त्यांनाही बघायला पाहिजे."

मामांनी टॉवेलला हात पुसले. मग म्हणाले, "बहीण हाय धाकटी. सोयगावला. रहीमभाईच्या घरी. सहा सालाखाली मीच देली."

"देताना गाठ होती?"

"एक व्हती. वाटाण्याएवढी."

"त्यांना सांगितलं?"

"नाय."

डॉक्टर म्हणाल्या, आजच्या आज फोन करा, वाटाण्याएवढी असेल तर अजून वेळ आहे. आणि त्या गेल्या. मामांनी त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही.

जखम शिवत नाहीत, उघडीच ठेवतात, आतून भरून येऊ देतात. रोज दोनदा मिठाच्या कोमट पाण्यानं धुणं, मलम, माश्या बसू नयेत म्हणून फवारा. कोरडा कडबा बंद, ओला लसूणघास, भिजवलेला गव्हाचा कोंडा, त्यात जवसाचं तेल, म्हणजे लीद मऊ पडते. मामा आमच्याकडंच राहिले कारण धुवायला तेच लागायचे. ते तोंडाशी उभे, मी शेपटीशी. आमचं बोलणं एवढंच, पाणी आणा, धरा, सोडा. जेवायला ताट मी वाढायचे, समोर बसायचे नाही. शेवंतीनं लीद धरून ठेवली, एक दिवस, दीड दिवस. मी शाळेत फळ्यापुढं उभी राहून घरून फोन येतोय का ते बघायचे. डॉक्टरांनी नळीनं तेल पाजलं. म्हणाल्या, उद्यापर्यंत बघू. उद्यानंतर काय ते बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरारा घेऊन मागं गेले तर मामा ओल्या जमिनीवर उकिडवे बसले होते, त्या गुडघ्यांनिशी, आणि समोर लीद पडलेली होती. हिरवी, मऊ, भरपूर. "तीनदा टाकली," ते म्हणाले. "आजाबात कुंथली नाय." आम्ही दोघं त्या लिदेकडं बघत राहिलो. तुम्ही हसाल, पण आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं मी.

मग मी म्हणाले, "मामा, आता सोयगावला फोन लावा."

"काय तोंडानं लावू?" ते म्हणाले. "चाळीस सालाची आब हाय मही."

"माझ्यापुढं गेली तशी तिथंही जाईल. मेलात का माझ्यापुढं?" मी फार तोडून बोलले. पण बोलले.

त्यांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. रहीमभाईंनी खुशाली विचारली, गुडघे विचारले, पाऊसपाणी विचारलं. मामा मध्येच म्हणाले, "भाई, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपविली. तुमच्या घोडीला शेपटीखाली गाठ हाय. देतानाच व्हती. मला ठाऊक व्हतं. डॉक्टरला दाखवा, मोरचूद लावू नका."

मग रहीमभाई म्हणाले, "मामा, ती गाठ तर आमाला पहिल्याच हप्त्यात दिसली. खरारा करताना. एक नव्हती, दोन होत्या. जळगावच्या डॉक्टरकडून काढून घेतल्या. साडेपाच बरस झाले. घोडी एकदम मस्त हाय, कायबी टेन्शन नाय."

मामांचा हात खाली आला, मग पुन्हा वर गेला. "मंग मला कायले नाय सांगितलं?"

"कसं सांगावं मामा? तुमी वडीलमाणूस. तुमाला वाटलं आस्तं, मामाच्या घोडीत खोट काढली. बुरा वाटंल म्हून चुप राहिलो."

फोन बंद झाल्यावर मामा कितीतरी वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "साडेपाच साल. तवा शेवंतीच्या हरभऱ्याएवढ्या व्हत्या." एवढं बोलून ते कडुलिंबाच्या बुंध्याकडं तोंड करून उभे राहिले. त्यांना सुनावायला माझ्याकडं पुष्कळ काही तयार होतं. ते तसंच राहिलं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. बाहेरच्या जखमा भरल्या. आतल्या दोन गाठी आहेत तिथं आहेत. डॉक्टर दर महिन्याला हात घालून बघतात आणि म्हणतात, वाट मोकळी आहे. किती दिवस, ते त्याही सांगू शकत नाहीत, मीही विचारणं सोडलंय. शेवंती खाते, लोळते, सकाळी माझी पर्स हुंगते. वेणी आता घालत नाही. डॉक्टर मॅडमचे उपकार आहेत, आणि लॅबमध्ये पाणी देणाऱ्या त्या अनोळखी बाईचेही. तुमच्याकडं घोडं असेल तर त्याची शेपूट स्वतःच्या हातानं वर करून बघा, ओठ बघा, कानाखाली बघा. देणारा कितीही जवळचा असला तरी बघा. आणि गाठ दिसली तर देणाऱ्यालाही सांगा, वाईट वाटलं तर वाटू द्या. रहीमभाईंनी तेव्हा एक फोन केला असता तर माझ्या घोडीवर ही वेळ आली नसती. त्यांना मी बोल लावत नाही, त्यांनी मान राखला. असा मान कुणी कुणाचा राखू नये असं मला आता वाटतं.

मामा अजूनही अवसेला येतात. येतात तेव्हा मी चहा आधीच करून ठेवते आणि तिथंच उभी राहते. गेल्या वेळी त्यांनीच विषय काढला. "हे सगळं लिहून टाक कुठंतरी. लोक वाचतील. मह्या नावानिशी लिही."

मी म्हणाले, "लिहीन. पण मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही मामा. तेही लिहू का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ते आदी लिही," म्हणाले.